घर त्याचं नाही, मग तो विकतोय काय?

वाचकांचे प्रश्न : घर, जमीन आणि व्यवहार

प्रश्न : आम्ही दोघं न्यू जर्सीत एडिसनला राहतो, दोघंही नोकरी करतो. भाड्यानं द्यायला दुसरं घर घ्यायचं आहे, पण इथल्या किमती झेपत नाहीत, म्हणून ओहायोतल्या क्लीव्हलंडकडे बघतोय. गणपतीत मंडळात भेटलेल्या एका ओळखीच्या गृहस्थांनी एका होलसेलरचा नंबर दिला. त्यानं क्लीव्हलंडच्या पूर्व भागातलं 1924 सालचं, दोन बिऱ्हाडांचं लाकडी घर सुचवलंय. किंमत 78,000 डॉलर. त्याच्या म्हणण्याप्रमाणे 25,000 खर्चून दुरुस्त केलं की ते 1,55,000 ला जाईल. वरच्या मजल्यावर भाडेकरू आहे. शुक्रवारपर्यंत 5,000 डॉलर त्याच्या खात्यात झेलवरून (एका खात्यातून दुसऱ्या खात्यात लगेच पैसे पाठवायची सेवा) पाठवायचे, ते परत मिळणार नाहीत. घरमालकाशी झालेला त्याचा करार मागितला, तर म्हणाला, ‘तो गोपनीय असतो.’ माणूस बोलायला चांगला आहे आणि ओळखीच्या गृहस्थांचा एक व्यवहारही त्यानं करून दिलाय. विश्वास ठेवावा का?
— स. कु., एडिसन

उत्तर : शुक्रवारी पैसे पाठवू नका. बाकीचं उत्तर सवडीनं वाचलंत तरी चालेल, एवढं मात्र आधी.

हे घर त्या माणसाचं नाही. अमेरिकेतला होलसेलर बहुतेक वेळा घर विकत घेतच नाही. तो घरमालकाशी खरेदीचा करार करतो, समजा 65,000 डॉलरला, आणि त्या करारातली खरेदीदाराची जागा तुम्हाला 78,000 ला देतो. मधले 13,000 ही त्याची फी. याला असाइनमेंट म्हणतात. महाराष्ट्रातल्या वाचकांना सांगायचं तर साठेखत झालंय, खरेदीखत झालेलं नाही, आणि साठेखत करून घेणारा आपला हक्क पुढच्याला देतोय, असा हा प्रकार आहे. ओहायोतच कोलंबसला एका टायटल कंपनीत, म्हणजे घराचा मालकीहक्क (टायटल) तपासून त्याचा विमा देणाऱ्या कंपनीत, मी बरीच वर्षं क्लोजिंगचं, म्हणजे सह्या आणि पैसे होऊन व्यवहार पुरा करायचं काम केलं. असे व्यवहार माझ्या टेबलावर नेहमी यायचे आणि त्यातले कितीतरी सरळ पार पडायचे. छत गळतंय, मालकाकडे दुरुस्तीला पैसे नाहीत, अशा घरावर बँकही सहसा कर्ज देत नाही. अशा घराला रोख पैसे देणारं गिऱ्हाईक शोधून आणणं हे खरं काम आहे आणि त्याचा मोबदला घेणं रास्तच आहे. तेव्हा होलसेलर म्हटला की लबाड, असं मी म्हणणार नाही.

पण तुम्ही विकत घेताय तो एक करार. आणि नेमका तोच तुम्हाला दाखवला जात नाहीये.

‘गोपनीय’ म्हणण्यामागे त्याच्या दोन धास्ती असतात. तुम्ही मालकाला परस्पर गाठाल ही एक, आणि आपली फी उघडी पडेल ही दुसरी. पहिली मला समजते. पण असाइनमेंटवर सही केली की त्या करारातल्या अटी आणि मुदती तुमच्या अंगावर येतात. न वाचलेल्या अटी अंगावर घ्यायला कोणी सांगत असेल तर तिथेच थांबावं. मधला मार्ग सोपा आहे : किंमत आणि मालकाचा फोन नंबर झाकून बाकीचा करार पाठवा म्हणावं. सरळ असाइनमेंट असेल तर त्याची फी क्लोजिंगच्या हिशेबपत्रकावर येतेच, त्यामुळे ती आज लपवून त्याला फारसं काही मिळत नाही. काही जण आधी स्वतःच्या नावावर घेऊन लगेच पुढे विकतात. तसं असेल तर फी तुम्हाला दिसणार नाही, आणि ते चुकीचंही नाही. फक्त तसं त्यानं आधी सांगायला हवं.

करार हातात आला की सगळ्यात आधी मालकाचं नाव बघा. क्लीव्हलंड कायाहोगा काउंटीत येतं. काउंटीच्या ‘मायप्लेस’ या साइटवर पत्ता टाकला की नोंदलेला मालक, मागची खरेदीविक्री, करांची स्थिती फुकट बघायला मिळते. करारावरचं नाव आणि तिथलं नाव जुळायला हवं. न जुळण्याची कारणं मी फार पाहिली. आई वारली, घर अजून तिच्याच नावावर आणि सही केली धाकट्या मुलानं. वारसा ठरवणाऱ्या प्रोबेट कोर्टाची प्रक्रिया झालेली नाही, बाकीच्या भावंडांना पत्ताच नाही. ओहायोत आणखी एक गोष्ट बघावी लागते, ती तुमच्या न्यू जर्सीतल्या वकिलाच्या लगेच ध्यानात येणार नाही. इथे ‘डावर’चा जुना हक्क अजून जिवंत आहे. घर एकट्या नवऱ्याच्या नावावर असलं तरी लग्नाच्या बायकोचा त्यात हक्क असतो, आणि बायकोच्या नावावर असलं तर नवऱ्याचा. तो सोडल्याची सही दोघांनाही करावी लागते. करारावर एकाचीच सही असेल तर मालक विवाहित आहे का, हे विचारलंच पाहिजे.

मग मुदत. असे करार बरेचदा महिनाभराचेच असतात. तुमचा शुक्रवार हा कदाचित त्याची मुदत संपायचा दिवस असेल, म्हणूनच घाई. शिवाय करार दुसऱ्याला देता येतो का, याचं कलम शोधा. काही करारांत मालकाच्या लेखी संमतीशिवाय देता येत नाही असं स्पष्ट लिहिलेलं असतं.

आणि करारावर खरेदीदार म्हणून नाव कोणाचं आहे? तुमच्याच माणसाचं? हा प्रश्न मी मुद्दाम विचारतेय. आमच्याकडे एक तरुण जोडपं फाइल घेऊन आलं होतं, तेलुगू होते. त्यांनी ज्याला पैसे दिले त्याच्याकडे करार नव्हताच. त्यानं दुसऱ्या होलसेलरची जाहिरात उचलून त्यावर आपले काही हजार चढवले होते, आणि त्या दुसऱ्यानंही ती तिसऱ्याकडून उचललेली. खरा करार ज्याच्याकडे होता त्यानं तोवर घर भलत्यालाच दिलं होतं. आमच्या ऑफिसात त्या पत्त्याची फाइल होती, पण तीत या दोघांचं नाव कुठेच नव्हतं. अनामत थेट त्या माणसाच्या खात्यात गेलेली. ती त्यांना मिळाली नाही.

म्हणून पैशांबद्दल मी अडून बसते. अनामत जायची ती टायटल कंपनीच्या एस्क्रो खात्यात, त्याच्या खात्यात कधीच नाही. एस्क्रो म्हणजे दोघांच्याही हातात नसलेलं खातं : ठरल्या अटी पुऱ्या झाल्या तरच पैसे पुढे सरकतात. अनामत परत न मिळण्याची अटही जशीच्या तशी घेऊ नका. टायटल स्वच्छ निघालं नाही किंवा घर आतून बघू दिलं नाही तर पैसे परत, हे लिहून घ्या. त्यानंतर तुमचं मन बदललं तर अनामत गेली, हे मला मान्य आहे. त्याचाही वेळ जातो.

टायटल कंपनी कोणती, हे त्याला विचारा. पण तिचा फोन नंबर त्याच्याकडून घेऊ नका, स्वतः शोधून काढा. ओहायोत टायटल एजंटवर राज्याच्या विमा खात्याची देखरेख असते, तिथे परवाना तपासता येतो. मग फोन करून विचारा : या पत्त्याची फाइल उघडली आहे का? या होलसेलरची असाइनमेंट तुम्ही याआधी क्लोज केलीत का? ते त्याच्या व्यवहारांची यादी देणार नाहीत, पण फाइल आहे की नाही हे सांगतात, आणि क्लोजिंग करणारी बाई ‘हो, ते आमच्याकडे नेहमी येतात’ हे कोणत्या सुरात म्हणते तेही ऐकू येतं. रक्कम पाठवायच्या दिवशी पुन्हा त्याच नंबरवर फोन करून खाते क्रमांक तोंडी पडताळा. ऐन वेळी ‘आमचं बँक खातं बदललंय’ अशी ईमेल आली तर ती चोरांची समजा. टायटल कंपनीच्या नावानं अशा ईमेल पाठवून लोकांची आयुष्यभराची पुंजी नेतात, आणि एकदा वायर, म्हणजे बँकेतून थेट पाठवलेली रक्कम, गेली की ती परत आणणं फार कठीण.

टायटल कंपनी शोध घेऊन एक ‘कमिटमेंट’ देते. त्यात पहिल्या भागात नोंदलेला मालक, आणि पुढे कोणते बोजे फेडल्याशिवाय विमा देणार नाही आणि कशाची जबाबदारी घेणार नाही, ते असतं. तो दुसरा भाग शब्दन् शब्द वाचा. क्लीव्हलंडमध्ये थकलेला मालमत्ता कर आणि थकलेलं पाणीबिल सर्रास निघतं. काउंटीच्या कोर्टाच्या नोंदींत बँकेनं जप्तीचा दावा लावलाय का, तेही बघा. शेरीफच्या लिलावाची तारीख पडली असेल तर तुमच्या कराराला तेवढंच आयुष्य. ओनर्स टायटल इन्शुरन्स, म्हणजे तुमच्या मालकीहक्काचा विमा, जरूर घ्या. रोखीत घेताना ‘बँक मागत नाहीये, मग कशाला’ म्हणून लोक तो टाळतात, आणि खरी गरज त्यांनाच असते. मालकानं दिलेलं खरेदीखत वॉरंटी डीड आहे की क्विटक्लेम, तेही विचारा. क्विटक्लेममध्ये देणारा कसलीही हमी देत नाही : जे काही माझं असेल ते तुझं, इतकंच.

टायटलच्या शोधात न सापडणाऱ्या गोष्टी क्लीव्हलंडमध्ये जास्त महाग पडतात. शहराच्या बांधकाम खात्यानं घरावर नियमभंगाची नोटीस किंवा थेट पाडण्याचा आदेश काढलेला असू शकतो. खात्याला फोन करून त्या पत्त्याबद्दल विचारा आणि हाउसिंग कोर्टातल्या केसेस बघा. नवा मालक झालात की ती दुरुस्ती तुमच्यावर येते. घर 1924 चं आहे, म्हणजे 1978 च्या आधीचं. त्या वर्षी घरांसाठी शिशाच्या रंगावर देशभर बंदी आली. क्लीव्हलंडनं 2019 मध्ये केलेल्या नियमानुसार 1978 पूर्वीचं घर भाड्यानं द्यायचं तर शिशापासून सुरक्षित असल्याचं प्रमाणपत्र लागतं. हा नियम मला मनापासून पटतो, कारण त्या शहरात शिशानं लहान मुलांचं फार नुकसान केलंय. होलसेलरच्या 25,000 मध्ये ते काम धरलंय का, हे लेखी विचारा. आणि 2024 पासून, तुमच्यासारख्या लांबच्या मालकाला तिथे जवळपास राहणारी एक जबाबदार व्यक्ती शहराकडे नोंदवावी लागते. ती शोधायचा खर्च आणि त्रास तुमच्या हिशेबात दिसत नाही.

हिशेबावरून आठवलं. या धंद्यात एक ढोबळ सूत्र सगळे वापरतात : दुरुस्तीनंतरच्या किमतीचे 70 टक्के काढा, त्यातून दुरुस्तीचा खर्च वजा करा, उरेल त्याहून जास्त देऊ नका. त्याच्या आकड्यांनी 1,55,000 चे 70 टक्के 1,08,500, वजा 25,000, उरले 83,500. म्हणजे 78,000 हा सौदा छान दिसतो. आता समजा घर खरं 1,20,000 चंच आहे आणि दुरुस्तीला 45,000 लागतात. 84,000 वजा 45,000, उरले 39,000. तेच घर, पण तुम्ही दुप्पट मोजलेत. खोट्या सह्या करणारे होलसेलर थोडे. हे दोन आकडे फुगवणारे आणि दाबणारे मात्र जिकडेतिकडे आहेत, आणि त्यासाठी त्यांना कोणी पकडतही नाही. अर्ध्या मैलाच्या आत, गेल्या सहा महिन्यांत विकलेली दोन बिऱ्हाडांचीच घरं बघा. मागितलेली किंमत धरू नका, विकली गेलेली धरा. क्लीव्हलंडमध्ये रस्ता ओलांडला की भाव बदलतो, म्हणून त्यानं पाठवलेल्या तीन घरांचे पत्ते नकाशावर लावून बघा. तिथल्या एखाद्या परवानाधारक ब्रोकरला पैसे देऊन मत घेतलंत तर उत्तमच.

दुरुस्तीच्या अंदाजासाठी घर तपासणारा तुमचा स्वतःचा इन्स्पेक्टर हवा. त्याच्याकडचा नको, त्यानं सुचवलेलाही नको. इतक्या जुन्या घरात मातीच्या ड्रेनेज पाइपात झाडाची मुळं शिरलेली असतात, म्हणून कॅमेरा घालून तपासणी करून घ्या. जुनं वायरिंग, तळघराच्या भिंतीतलं पाणी, बॉयलर, छत, हे तो बघेलच. होलसेलर सगळ्या गिऱ्हाइकांना एका दुपारी एकदम बोलावून वीस मिनिटं दार उघडतो आणि ‘भाडेकरूला त्रास नको’ म्हणून वर नेत नाही, हा प्रकार ओळखीचा आहे. वर जायला मिळालंच पाहिजे. भाडेकरूचा करार, तो खरंच किती भाडं भरतो, डिपॉझिट कोणाकडे आहे, हे त्या भाडेकरूच्या सहीनं एका कागदावर घ्या. टायटल कंपनीची बाई तुम्हाला त्याचा नमुना देईल, त्याला एस्टॉपेल सर्टिफिकेट म्हणतात.

आता तो माणूस. त्याची एलएलसी (मर्यादित जबाबदारीची कंपनी) ओहायोच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या, म्हणजे कंपन्यांची नोंद ठेवणाऱ्या राज्याच्या कार्यालयाच्या, साइटवर शोधा : कधी काढली, चालू आहे का. त्याच्या आणि कंपनीच्या नावानं कोर्टाच्या नोंदी बघा. मागचे व्यवहार विचाराल तेव्हा एक लक्षात ठेवा : असाइनमेंटमध्ये त्याचं नाव खरेदीखतावर येत नाही, म्हणून नुसते पत्ते देऊन तो कोणताही व्यवहार आपला म्हणू शकतो. खरेदीदारांशी बोला. तुमच्या ओळखीच्या गृहस्थांनाही नेमकं विचारा : दुरुस्तीला प्रत्यक्षात किती लागले, पहिलं भाडं कधी आलं, कर आणि दुरुस्ती जाऊन हातात काय राहतं, आणि तुमचा नंबर देण्याबद्दल त्यांना काही मिळतंय का. शेवटचा प्रश्न अवघड वाटतो, मला कळतं. आपण मंडळात ज्यांच्याबरोबर आरती म्हणतो त्यांना असं विचारवत नाही. पण परदेशात आपल्या लोकांचे पैसे बुडताना मी पाहिले ते बहुतेक या संकोचापायीच. आणि त्यांचा व्यवहार चांगला झाला असला तरी तुमच्या घराचं छत त्यावरून कळत नाही.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण मी सांगणार आहे. घरमालक कोण आहे, हे जाणून घ्या. आमच्या टेबलाशी एक वयस्कर बाई सही करायला आल्या होत्या. हिशेबपत्रकावर खरेदीदाराचं वेगळंच नाव आणि मधल्या माणसाची मोठी फी त्यांनी तिथेच पहिल्यांदा पाहिली. त्यांना वाटत होतं तो तरुण मुलगाच घर घेतोय. त्या उठून गेल्या आणि मला त्यांचं पूर्ण पटलं. व्यवहार मोडला, खरेदीदाराचे इन्स्पेक्शनचे पैसे गेले. मालकाला सगळं माहीत आहे का, हे आधी विचारणं त्यांच्यासाठीही हवं आणि तुमच्यासाठीही. म्हातारपणी अडचणीत सापडलेल्या माणसाला फसवून काढलेलं घर तुम्हाला नकोच असेल.

तेव्हा त्याला आजच लेखी कळवा : करार पाठवा, अनामत टायटल कंपनीत भरू, इन्स्पेक्शन आमच्या माणसाकडून करू, मग सही. सरळ धंदा करणारा यातलं बहुतेक मान्य करतो, कारण असे खरेदीदार त्याला पुन्हा हवे असतात. ‘दुसरा गिऱ्हाईक तयार आहे’ असं उत्तर आलं, तर त्याला ते घर जाऊ द्या. क्लीव्हलंडमध्ये घरांचा तुटवडा नाही. आणि काहीही झालं तरी ओहायोतला रिअल इस्टेट वकील एकदा कागद वाचायला लावा. 78,000 च्या व्यवहारात त्याची फी जड वाटता कामा नये.

प्रश्न : माझा मुलगा डॅलसला एमएस करतोय. शिकता शिकता होलसेलिंग करणार म्हणतो. त्यासाठी एका ऑनलाइन कोर्सला मोठी रक्कम भरायची आहे आणि ती तो आमच्याकडे मागतोय. भांडवल लागत नाही, परवाना लागत नाही, असं त्याला सांगितलंय. हा धंदा चांगला आहे का?
— वै. दे., नाशिक

उत्तर : वैनी, धंद्याबद्दल वर लिहिलंच आहे. ‘परवाना लागत नाही’ हे मात्र सरसकट खरं नाही. इलिनॉयमध्ये 2019 पासून वर्षभरात एकाहून जास्त असे व्यवहार करणाऱ्याला ब्रोकरचा परवाना लागतो. ओक्लाहोमानं 2021 मध्ये कायदा केला, साउथ कॅरोलायनानं 2024 मध्ये, आणि पेनसिल्व्हेनियात जानेवारी 2025 पासून परवाना सक्तीचा झालाय. टेक्सासमध्ये 2017 पासून असा नियम आहे की मी घराचा मालक नाही, फक्त करारातला हक्क विकतोय, हे समोरच्याला सांगावंच लागतं. नाही सांगितलं तर ते विनापरवाना ब्रोकरचं काम धरलं जातं. कोर्समध्ये हे शिकवतात का, विचारा. अशा कोर्सवाल्यांवर सरकारी कारवाईही झाली आहे. घरं घेऊन-विकून कमावण्याचे सेमिनार भरवणाऱ्या झुरिक्स या कंपनीवर 2019 मध्ये फेडरल ट्रेड कमिशन (ग्राहकांची फसवणूक रोखणारी केंद्र सरकारची संस्था) आणि युटा राज्यानं, कमाईची खोटी आश्वासनं दिल्याचा दावा लावला होता.

पण मला खरी काळजी वेगळीच वाटते. मुलगा एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर असेल. त्या व्हिसावर परवानगीशिवाय कॅम्पसबाहेर काम करता येत नाही, आणि स्वतःचा धंदा हेही कामच धरलं जातं. पगार नाही, नुसती फी आहे, ही पळवाट चालत नाही. यात सापडला तर शिक्षण अर्धवट राहील आणि पुढचा व्हिसाही अडेल. कोर्सचे पैसे पाठवू नका, आणि विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात जाऊन लेखी विचारल्याशिवाय त्याला कोणत्याही घरमालकाच्या करारावर सही करू देऊ नका.